स्विचचा लॉग गाळताना फक्त सिव्हिअरिटीवर भिस्त नको

अ‍ॅक्सेस स्विचवर (ज्याला पीसी थेट जोडलेले असतात) लॉग बघायला 'शो लॉगिंग' मारलं की पोर्ट वर, पोर्ट खाली, पुन्हा पोर्ट वर, एवढंच दिसतं. रात्री कॉन्फिग कोणी बदललं ती ओळ केव्हाच पुसली गेलेली असते. यावर बहुतेकजण आधी लेव्हल कमी करतात. सिस्कोच्या कॅटॅलिस्टवर हा उपाय नेमका उलटा पडतो.

सिव्हिअरिटी म्हणजे संदेशाच्या गांभीर्याची लेव्हल, 0 ते 7, आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. पण पोर्ट वर-खाली झाल्याचा संदेश आहे '%लिंक-3-अपडाऊन', आणि कॉन्फिग मोडमधून कोणी बाहेर पडलं की येतो '%सिस-5-कॉन्फिग_आय'. मधला आकडा म्हणजे सिव्हिअरिटी. 'लॉगिंग बफर्ड एरर्स' (म्हणजे फक्त 0 ते 3) केलंत की कचरा जागेवर राहतो आणि कामाची ओळ जाते.

आधी बफर, म्हणजे स्विचच्या मेमरीतली लॉगची जागा, वाढवा. बऱ्याच मॉडेल्सवर तो मुळात 4096 बाइट्सचा असतो. एक संदेश साधारण 100 बाइट्सचा धरला तर त्यात चाळीसेक ओळी मावतात. एक पीसी बंद झाला की 'लिंक' आणि 'लाइनप्रोटो' असे दोन संदेश. 48 पोर्टच्या स्विचवर संध्याकाळी सगळे घरी गेले की 96. म्हणजे अख्खा बफर दोनदा धुऊन निघतो. 65536 ठेवायला हरकत नाही. आकार बदलताना जुना मजकूर जातो, तेव्हा हवा असेल तर आधी कॉपी करून घ्या.

मग खरा गाळणीचा भाग, डिस्क्रिमिनेटर, म्हणजे ठरावीक संदेश निवडून गाळणारी सोय. (कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

लॉगिंग डिस्क्रिमिनेटर नोपोर्ट एमएसजी-बॉडी ड्रॉप्स गिगाबिटइथरनेट1/0/[0-9]+,
लॉगिंग बफर्ड डिस्क्रिमिनेटर नोपोर्ट 65536 इन्फॉर्मेशनल

'नोपोर्ट' हे गाळणीचं नाव, ते जास्तीत जास्त आठ अक्षरांचं. '[0-9]+' म्हणजे कोणताही पोर्ट क्रमांक. शेवटचा स्वल्पविराम चुकून राहिलेला नाही, सगळी मदार त्याच्यावर आहे. लिंकच्या संदेशात पोर्टचं पूर्ण नाव आणि लगेच स्वल्पविराम येतो: 'इंटरफेस गिगाबिटइथरनेट1/0/5, चेंज्ड स्टेट टू डाऊन'. बीपीडीयू गार्डने (पोर्टवर चुकून दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सोय) पोर्ट पाडलं की काही आवृत्त्यांत तेच पूर्ण नाव येतं, पण पुढे स्वल्पविराम नसतो, म्हणून तो संदेश गाळणीतून वाचतो. एरर-डिसेबलच्या (दोष आढळल्याने स्विचने स्वतःच पोर्ट बंद केल्याच्या) '%पीएम-4' संदेशात नाव 'जीआय1/0/5' असं आखूड असतं, तोही वाचतो. पॅटर्न आळसाने '1/0/5,' एवढाच दिलात तर मात्र एरर-डिसेबलही गाळला जाईल आणि पोर्ट का मेलं ते कळणार नाही. फक्त एकच पोर्ट गाळायचं असेल तरी स्वल्पविराम हवाच, नाहीतर 1/0/1 च्या मागे 1/0/10 ते 1/0/19 फुकट जातात. आणि नुसतं 'गिगाबिटइथरनेट' लिहिलंत तर 'टेनगिगाबिटइथरनेट'च्या पोटातही तीच अक्षरं आहेत, म्हणजे अपलिंकचे (बाकी नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीचे) संदेशही गेले.

अपलिंकचा एवढा बाऊ का? अपलिंक पडली की यूडीपी 514 वरून लॉग सर्व्हरकडे निघालेला सिसलॉग (लॉगचे संदेश) वाटेतच मरतो. त्या घटनेची खात्रीची नोंद बफरमध्येच उरते. म्हणूनच 'नेमॉनिक्स ड्रॉप्स अपडाऊन' (संदेशाच्या नावातला शेवटचा शब्द बघून गाळणं) हा सोपा दिसणारा पर्याय मला अ‍ॅक्सेस स्विचवर पटत नाही. तो अपलिंक, टनेल, व्हीलॅन इंटरफेस सगळ्यांचंच वर-खाली एका झटक्यात गिळतो. कॅटॅलिस्ट 9300 वर अपलिंक मॉड्यूल 1/1/ पासून सुरू होतं, त्यामुळे वरचा पॅटर्न तिला शिवत नाही. स्टॅक (एकत्र जोडलेले स्विच) असेल तर 2/0/, 3/0/ ही पॅटर्नमध्ये धरा.

सर्व्हरकडे जाणारं मात्र गाळू नका. डिस्क जास्त आहे, शोधायला साधनं आहेत, गाळायचं ते तिथे गाळा. पोर्टची वर-खाली कुठेच नको असेल तर त्या पोर्टवर 'नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस' द्या. एसएनएमपी ट्रॅप (देखरेखीच्या सर्व्हरला जाणारी सूचना) त्याने थांबत नाही, त्याला 'नो एसएनएमपी ट्रॅप लिंक-स्टेटस' वेगळं.

एक गोंधळ नेहमीचा: डिस्क्रिमिनेटरमधली 'फॅसिलिटी' म्हणजे टक्केचिन्हानंतरचा शब्द, लिंक, सिस वगैरे. सर्व्हरवरची लोकल7 ती वेगळीच. लोकल7 चा क्रमांक 23, म्हणून पाचव्या पातळीच्या संदेशाच्या पॅकेटमध्ये सुरुवातीला 189 दिसतो: 23 गुणिले 8, अधिक 5.

कन्सोल (स्विचला थेट केबल लावून बघायचा पोर्ट) 9600 बॉडवर सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं ओकतो, म्हणजे दहा संदेशही नाहीत. तिथे 'लॉगिंग कन्सोल क्रिटिकल' ठेवा आणि विषय संपवा.

तपासायला केबल उपटायची गरज नाही. 'सेंड लॉग 5' पुढे 'गिगाबिटइथरनेट1/0/7, चाचणी' असा मजकूर द्या, मग स्वल्पविराम काढून पुन्हा द्या. बफरमध्ये फक्त दुसरा दिसला पाहिजे. दोन्ही दिसले तर 'शो लॉगिंग'च्या वरच्या भागात नोपोर्ट 'अ‍ॅक्टिव्ह'खाली आहे की 'इनअ‍ॅक्टिव्ह'खाली ते बघा. इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे गाळणी बनवली, पण बफरला लावलीच नाही. तिथेच 'फिल्टरिंग डिसेबल्ड' दिसेल, त्याने दचकू नका. ते टीसीएल स्क्रिप्टने गाळण्याच्या वेगळ्या सोयीबद्दल आहे.