माणशी अर्धा एकर: खटाव तालुक्यातील स्वावलंबी निवृत्तीची प्रगती-नोंद

सातारा जिल्ह्यात वडूजजवळच्या आमच्या गावात वाटणीने आलेले सव्वा एकर रान आणि गावठाणातील जुने घर, एवढ्या भांडवलावर पिंपरी-चिंचवड सोडून येथे राहावयास आल्यापासून मी आणि माझी पत्नी ज्या आखणीने चाललो आहोत, ती आता बऱ्यापैकी स्थिरावली आहे. तिची ही नोंद असाच बेत करणाऱ्यांसाठी आहे. आम्ही धरलेले सूत्र असे: जी वस्तू दर आठवड्याला विकत घ्यावी लागते ती घरी पिकवायची, जी वर्षातून एकदा भरून ठेवता येते ती खुशाल बाजारातून आणायची, आणि जिच्यासाठी दिवसभर कंबर वाकवावी लागते ती वाट्याने करून घ्यायची. स्वावलंबनाच्या उत्साहात माणूस पहिल्याच वर्षी गहू, भात, ऊस आणि चार म्हशी यांचे मनोरे रचतो. परंतु साठी ओलांडलेल्या दोन माणसांना रान किंवा पैसा यांपेक्षा आधी पाणी कमी पडते आणि त्यानंतर अंगातील बळ, हे ध्यानात ठेवूनच प्रत्येक गोष्ट ठरवलेली बरी.

प्रथम पैशाचे सांगतो, कारण चौकशी त्याचीच अधिक होते. मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालो असल्यामुळे मला 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे पेन्शन मिळते. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70 असे तिचे सूत्र आहे आणि वेतनाची कमाल मर्यादा ऑगस्ट 2014 अखेरपर्यंत 6,500 रुपये, तर त्यानंतर 15,000 रुपये अशी असल्यामुळे, माझ्यासारख्या बहुतेकांची बरीचशी सेवा जुन्या मर्यादेतच मोजली जाते. म्हणून हातात येणारी रक्कम चार हजारांच्या आत राहते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतून 15 लाख रुपये पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के दराने ठेवले आहेत. त्यांचे दर तिमाहीस 30,750 रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार येतात. दोन्ही मिळून साधारण चौदा हजार होतात. या व्याजात आणि पेन्शनमध्ये महागाईनुसार वाढ होत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण उत्पन्न जागच्या जागी राहणार असेल, तर दरवर्षी खर्चाचे एखादे कलम कायमचे पुसून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. आमची सारी आखणी ही खरे तर कलमे पुसण्याची आखणी आहे. जी पुसता येत नाहीत त्यांत औषधे, वीज आणि मोबाईल यांच्याबरोबर आहेर, यात्रेची वर्गणी आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती यांचाही समावेश होतो. शहरातून येणारा माणूस हे कलम अंदाजपत्रकात धरतच नाही, आणि गावात ते टाळताही येत नाही.

पाण्याच्या बाबतीत आम्ही विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचा दंडक मापासाठी घेतला. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे त्यांनी सुरू केलेल्या त्या कामात माणशी अर्धा एकराला, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांना, पाणी असा नियम होता, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला मनाई होती. त्या मापाने आम्हा दोघांचा हिस्सा एक एकराचा होतो. म्हणजे रान आहे तेवढे पुरे आहे आणि अधिक घेण्याचे कारण नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी तर शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटातून पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरे होतात असे मांडले होते. त्यांच्या मांडणीविषयी मला आदर आहे, मात्र तिला बारमाही पाणी आणि रोज राबणारे हात लागतात. खटावच्या कोरड्या पट्ट्यात वृद्ध जोडप्याने ती जशीच्या तशी उचलू नये, असे माझे मत आहे.

आमची सामाईक विहीर जानेवारीपर्यंत साथ देते. नंतर तळ दिसू लागतो आणि नळाचे पाणी जेमतेम आंघोळ, धुणी व भांडी यांपुरते येते. म्हणून 1 फेब्रुवारी ते 15 जून या 135 दिवसांचा हिशेब वेगळा मांडला. पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला 20 लिटर म्हणजे 2,700 लिटर. गाय आणि कालवड यांना मिळून दिवसाला 60 लिटर म्हणजे 8,100 लिटर. भाजीच्या वाफ्यांना भर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज 5 लिटर. शेवटच्या आकड्यापाशी सगळे अडते. गुंठाभर, म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर भाजी ठेवायची म्हटले, तर एकट्या भाजीलाच साडेसदुसष्ट हजार लिटर लागतात आणि ते कोठूनही येणार नाहीत. म्हणून उन्हाळ्यात भाजी फक्त पंधरा चौरस मीटरवर ठेवली, तिची गरज 10,125 लिटर झाली आणि एकूण बेरीज एकवीस हजार लिटरच्या घरात आली.

हे पाणी छपरावरून मिळते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. आमच्या जुन्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, होते. ते उन्हाळ्यात गारवा देते, परंतु त्यावरून येणारे पाणी मातकट असते आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती टाकण्याचे काम आता झेपण्यासारखे नाही. पत्नीच्या आग्रहामुळे झोपण्याच्या खोलीवरील माळवद राखले आणि उरलेल्या साठ चौरस मीटरवर पत्रा घातला. साताऱ्याच्याच महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर आमच्याकडे पाचशेच्या आसपास. म्हणून वाईट वर्षाचे चारशे धरून आणि पाचवा हिस्सा वाया जाणार असे समजून 19,200 लिटर एवढाच भरवसा ठेवला. बऱ्या वर्षी चोवीस हजार मिळतील. टाकी फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंटचा गिलावा देऊन केलेली), साडेतीन मीटर व्यासाची आणि आत सव्वादोन मीटरहून थोडी अधिक उंच अशी बांधून घेतली असून तिच्यात बावीस हजार लिटर मावतात. वाईट वर्षी जी दोन हजारांची तूट येते, ती वाफे कमी करून भागवायची, गाईच्या पाण्यातून नाही. टाकी जूनमध्येच भरावी अशी घाई नसते. आमच्या भागातील पावसाचा मोठा हिस्सा परतीच्या पावसातून येतो, त्यामुळे ऑक्टोबर संपताना ती काठोकाठ असली म्हणजे झाले.

परसबागेची रचना या हिशेबातूनच निघाली. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत गुंठाभर जागेत मेथी, चाकवत, वांगी, गवार, दोडका, घेवडा असे सर्व होते आणि आठवडी बाजारात भाजीसाठी पिशवी न्यावी लागत नाही. फेब्रुवारीत जागा आकसते, तेव्हा वांगी, मिरची, कोथिंबीर आणि थोडा राजगिरा एवढेच राहते. वाफे जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर खोल ठेवले आहेत, म्हणजे वारा ओल उडवत नाही. त्यांवर गोठ्यातील कडब्याचा उरलासुरला भाग चार बोटे जाड अंथरला आहे आणि दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेच्या बाजूने जुनी नऊवारी लुगडी आडवी बांधली आहेत. मे महिन्यात भर दुपारी हा थर बाजूला सारून माती मुठीत दाबली, तर तिचा लाडू वळतो. थर नसलेल्या शेजारच्या वाफ्यातील माती बोटांतून भुगा होऊन गळते. तेवढ्याच पाण्यात एका वाफ्यातील वांगी टवटवीत आणि दुसऱ्यातील माना टाकलेली, असा फरक ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य येऊन पाहावा. मोरीचे पाणी स्वतंत्र चरीने केळी, अळू आणि शेवगा यांना दिले आहे. शेवग्याविषयी एवढेच सांगतो की, उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते तेव्हा त्याचा पाला आमच्या ताटात असतो आणि त्यासाठी वाकावे लागत नाही.

धान्यासाठी तीस गुंठे चुलत पुतण्याकडे निम्म्या वाट्याने आहेत. मला गव्हाची हौस होती, तेव्हा त्याने स्पष्टच सांगितले, “तात्या, ह्या रानात शाळू येतोय, गव्हाचा नाद सोडा.” त्याचे म्हणणे योग्य होते, कोरडवाहू शाळू (ज्वारी) रब्बीच्या ओलीवर येतो, त्याला उन्हाळी पाणी लागत नाही आणि वर कडबा मिळतो. काही तुकड्यात खरिपाची बाजरी, कडेने हुलगा आणि मटकी, शाळूत करडईच्या दोन-चार ओळी, असा त्याचा नेम आहे. बऱ्या साली आमच्या वाट्याला दीड क्विंटल शाळू आणि अर्धा-पाऊण क्विंटल बाजरी येते. दोघांच्या भाकरीला ती पुरते. गहू, तांदूळ, साखर आणि उरलेले तेल वर्षाच्या किराण्यात भरतो. साठवणीत कसर केली तर भुंगा वाटेकरी होतो, म्हणून शाळू कडक उन्हात वाळवून, दाताखाली धरल्यावर ‘कट्ट’ असा आवाज येईपर्यंत थांबून मगच कोठीत भरतो आणि थराथरात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालतो. दाणा दाताखाली नुसता चेपला, तर आणखी ऊन द्यावे लागते.

गाय खिलार आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, जेथे मार्गशीर्षात मोठा जनावरांचा बाजार भरतो, ती कालवडीसह घेतली. खिलार ही माणदेशातील कामाची जात असल्यामुळे दूध बेताचेच असते आणि त्याबद्दल संकरित गाई पाळणारे आम्हाला हसतात. परंतु दोघांना लिटरभर दूध पुरते, ही गाय ऊन सोसते, कडब्यावर राहते आणि तिला वारंवार डॉक्टर लागत नाही. जास्त दूध म्हणजे जास्त वैरण, जास्त पाणी आणि पहाटे डेअरीची वेळ गाठणे, असे आमचे गणित आहे. दोन्ही जनावरांचे मिळून दिवसाला सोळा किलोच्या आसपास शेण मिळते. एक किलो शेणापासून अंदाजे 40 लिटर गॅस, आणि एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण 430 ग्रॅम सिलिंडरचा गॅस, या हिशेबाने महिन्याला आठ किलोंची भर पडावी. एक घनमीटरच्या लहान दीनबंधू गोबरगॅस संयंत्रातून आमचा स्वयंपाक बहुतेक महिने होतो, परंतु थंडीत जंतूंचे काम मंदावून ज्योत उतरते, तेव्हा सिलिंडर जोडावा लागतो. नुसते सिलिंडरचे पैसे वाचतील या हिशेबाने कोणी हे बांधू नये. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला शेणकाला, परसबागेला मिळते आणि खताचे कलम संपूर्ण पुसले जाते, यातच त्याचा खरा फायदा आहे. शेणाइतकेच पाणी कालवावे लागते. ते गोठा धुतलेले वापरावे, साबणाचे कदापि नको.

ज्यांच्याकडे वाटणीची जमीन नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो आणि तुकडेबंदी कायद्याखाली राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे व्यवहारास चालणारा लहानात लहान तुकडा, जिरायतासाठी 20 गुंठे व बागायतासाठी 10 गुंठे असे 2023 मध्ये ठरवले गेले आहे. तेव्हा रस्त्याकडेच्या पाट्यांवरील दोन-चार गुंठ्यांच्या ‘फार्म’ना भुलण्यापूर्वी सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे जाऊन स्वतः वाचावेत. गावठाणातील जुने घर दुरुस्त करणे मला रानात नवे बांधण्यापेक्षा श्रेयस्कर वाटते; रात्री-अपरात्री हाक मारली तर ओ देणारे कोणी तरी असते.

दवाखान्यासाठी वडूज जवळ आहे, मोठ्या कामासाठी सातारा गाठावे लागते. एसटीत पत्नीला अर्धे तिकीट आहे, मला पासष्ट पूर्ण झाल्यावर मिळेल. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळते. मधल्या वर्षांसाठी दीड लाख रुपये वेगळे ठेवले आहेत आणि ते कोणत्याही शेतीकामाला लावायचे नाहीत, असे दोघांनी ठरवले आहे.

उरला प्रश्न सत्तरीनंतरच्या अंगबळाचा. गाय सांभाळणे ज्या वर्षी जड वाटू लागेल, त्या वर्षी ती पुतण्याच्या गोठ्यात जाईल आणि दूध त्याच्याकडून घेऊ. मात्र तिच्याबरोबर गॅस आणि स्लरीही जाईल. छतावरील सौर संचाचा विचार आम्ही याच कारणाने पुढे ढकलला आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास वीज देतो आणि पीएम सूर्यघर योजनेत त्यावर 30,000 रुपये अनुदान आहे. पण आमचा आजचा वापर त्याच्या निम्म्यावरच आहे. गाय गेल्यावर चूल विजेवर न्यावी लागेल, तेव्हा ती वीज उपयोगी पडेल. स्लरीच्या खताची जागा कशाने भरायची, हे ठरवण्यासाठी एका वाफ्यात नुसत्या शेवग्याच्या व गिरिपुष्पाच्या (हिरवळीच्या खताचे झाड) पाल्यावर वांगी घेऊन पाहत आहे. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्या आहेत, सीताफळ व लिंबू यांची रोपे तीन वर्षांत धरू लागतील. मृगापूर्वी करावयाचे काम म्हणजे टाकीचा तळ खरवडून धुणे आणि पन्हळीच्या नळीला असा व्हॉल्व बसवणे की, पहिल्या सरीचे शंभरेक लिटर धुळकट पाणी टाकीत न जाता बाहेर केळीच्या आळ्यात पडेल. सुताराकडून टाकीच्या झाकणाला जाळी मारून घेण्याचे कामही त्याच आठवड्यात उरकायचे आहे.