तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली स्लीपिंग बॅग घेऊ?

“आम्ही जातोय तिथे रात्री मायनस पाचपर्यंत जातं. मायनस दहाची बॅग पुरेल ना?” शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. त्यावर मी उलट विचारते: झोपणार कोण? खाली काय अंथरणार? किती रात्री? हवा कोरडी की ओली? आणि तो मायनस दहा बॅगवर नेमका कुठे छापलाय? इथपर्यंत येईतो समोरच्याचा उत्साह मावळलेला असतो. परवा एकाने सरळच म्हटलं, “सांगायचं नसेल तर तसं सांगा, एवढे फाटे कशाला फोडता?”

ते लागलं मला. फाटे फोडायची मला हौस नाही. एके काळी मीही एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी व्हायचे. तसं एक उत्तर मी माझ्या धाकट्या बहिणीला दिलं होतं. त्या रात्रीबद्दल मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सांगते.

ती पहिल्यांदाच थंडीतल्या कॅम्पला येत होती. फोन करून म्हणाली, “ताई, बॅग कुठली घेऊ?” मी कसल्यातरी गडबडीत होते. म्हटलं, “मायनस दहाची घे, मायनस पाचच्या खाली काही जाणार नाही.” फोन ठेवला. तिने तशीच बॅग घेतली. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘-१०’ आणि बाजूला बर्फाची चांदणी. तिचं वजन जेमतेम पन्नास किलो, आणि तिचे पाय कायम गार. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो तेव्हा ती आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि मी ओरडायचे. एवढं माहीत असूनही मी तिला तोच आकडा सांगितला, जो कुणालाही सांगितला असता.

त्या रात्री जमीन गोठलेली होती. माझ्याखाली फुगवायची जाड मॅट, तिच्याखाली फोमची एक पातळ पट्टी. तंबूच्या काठीला टांगलेला थर्मामीटर मायनस चार दाखवत होता, म्हणजे माझ्या हिशेबाच्या आतच. मला लगेच झोप लागली. हातभर अंतरावर ती काय सोसत होती याचा मला पत्ता नव्हता.

जाग आली ती खर्र खर्र आवाजाने. नख घासल्यासारखा आवाज, थांबून थांबून. हेडटॉर्च लावला तर ती बॅगच्या झिपशी झटत होती. “झिप लागत नाहीये गं,” ती म्हणाली, पण शब्द जड, एकमेकांत अडकलेले. झिप हनुवटीपर्यंत पूर्ण लागलेली होती. तिच्या बोटांना ते कळत नव्हतं. ती आणखी वर ओढायला बघत होती आणि टोक चिमटीतून निसटत होतं. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आधी दोन-तीन तास ती कुडकुडत पडली होती, हे तिने नंतर सांगितलं. “मला वाटलं थंडीत असंच असतं. तुला कशाला उठवायचं?” मी टॉर्च लावला तेव्हा तिचं कुडकुडणं थांबत आलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गारठलेलं माणूस ऊब न मिळताच कुडकुडायचं थांबलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. शरीर हरायला लागल्याची ती खूण असते. मला हे माहीत होतं. म्हणून माझे हात कापत होते, तिचे नव्हते.

अंगातले कपडे चाचपले तर पाठीला ओलसर लागले. दिवसभर चालून आलेल्या घामाचे तेच कपडे घालून ती झोपली होती, आणि ‘झोपताना बदल’ एवढंही मी तिला सांगितलं नव्हतं. कोरडे कपडे घातले, टोपी घातली, माझ्या अंगाने तापलेल्या बॅगेत तिला सरकवलं, माझी मॅट आणि तिची पट्टी अशा दोन्ही खाली घातल्या. स्टोव्ह तंबूच्या बाहेर पेटवला. आत पेटवायचा मोह होतो, पण बंद तंबूत कार्बन मोनॉक्साईड साठून माणसं मेली आहेत. गरम पाणी बाटलीत भरलं, बाटलीवर मोजा चढवला आणि ती तिच्या मांड्यांमध्ये ठेवली. नीट गिळता येतंय, कप धरता येतोय हे बघून मगच गोड पाण्याचे घोट दिले. मग तिच्या बॅगेत शिरून बसले आणि बाजूने हात घालून तिचे पाय धरून ठेवले. बऱ्याच वेळाने तिचे दात वाजायला लागले. कुणी कुडकुडायला लागल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही.

उजाडल्यावर तिने बॅग उलटी केली. आत, पायाकडच्या शिवणीत, बोटभर लेबल होतं. तिनेच मोठ्याने वाचलं: कम्फर्ट ८, लिमिट ४, एक्स्ट्रीम मायनस १०. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, तू मायनस दहाच म्हणाली होतीस.” आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या तीन आकड्यांबद्दल. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ हे मानक आलं, त्याची जागा पुढे आयएसओ २३५३७ ने घेतली. चाचणीत तापवलेला पुतळा पातळ लांब कपडे आणि मोजे घालून, मॅटवर, बॅगेत झोपवतात आणि किती उष्णता निसटते ते मोजतात. त्यावरून आकडे काढले जातात. कम्फर्ट हा २५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या, १६० सेंटिमीटर उंच बाईसाठी, सैल अंगाने झोपली तर. लिमिट हा २५ वर्षांच्या, ७३ किलोच्या, १७३ सेंटिमीटर उंच पुरुषासाठी, तोही अंग आवळून झोपला तर. आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्या ६० किलोच्या बाईने सहा तास कसेबसे जिवंत काढायचे तापमान. झोप लागण्याशी त्याचा संबंध नाही. हातापायाला हिमदंशही होऊ शकतो. बहिणीच्या पिशवीवर बर्फाच्या चांदणीशेजारी मोठ्या अक्षरांत छापला होता तो हा तिसरा आकडा.

कितीतरी दिवस मी सगळा दोष त्या छपाईला दिला. आजही देते, कारण मरणाची रेघ कुणी विक्रीचा आकडा म्हणून छापू नये. पण लेबलाचा फोटो पाठव, एवढं म्हणायला मला दहा सेकंद लागली असती.

आणि खरं सांगायचं तर नुसत्या बॅगनेही तसं झालं नसतं. बॅग ऊब देत नाही. ऊब आपलं अंग देतं, बॅग ती धरून ठेवते, आणि धरते ती भरावात अडकलेल्या हवेच्या जोरावर. अंगाखालचा भराव आपल्याच वजनाने चेपतो, तिथली हवा जाते आणि खाली उरतं नुसतं कापड. म्हणून मॅट लागते. मॅटचा आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे ती उष्णता जमिनीत जायला किती अडवते त्याचा आकडा, जितका मोठा तितकं चांगलं. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० ही चाचणी ठरल्यापासून निरनिराळ्या मॅटचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. फोमच्या साध्या मॅटचा आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास असतो, बहिणीच्या पातळ पट्टीचा त्याहूनही कमीच असणार. गोठलेल्या जमिनीवर मी चारच्या खाली जात नाही. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. त्या रात्री तिच्याखाली माझी मॅट असती तर? ओले कपडे नसते तर? हे मी पुष्कळदा मनात मांडून बघितलंय. कधी वाटतं रात्र निभली असती, कधी वाटतं मी स्वतःला सोडवायला बघतेय.

दुसरा ठरलेला प्रश्न, पिसांची की सिंथेटिक. दहा वर्षांपूर्वीची मी म्हणाले असते, पिसांची, विचारताय काय? तेव्हा मला पाठीवरचं वजन तेवढं दिसायचं. आठशे फिल पॉवर म्हणजे २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घनइंच, सुमारे १३ लिटर, जागा व्यापतात. एवढ्याशा वजनात एवढी हवा दुसरं काही धरत नाही. पण तो आकडा पिसांच्या प्रतीचा आहे, बॅगच्या उबेचा नाही. आत पिसं किती ग्रॅम भरलीत तेही बघावं लागतं. आठशेची तीनशे ग्रॅम भरलेली बॅग सहाशेच्या नऊशे ग्रॅमवाल्या बॅगपुढे टिकणार नाही.

शिवाय पिसं भिजली की त्यांचा गोळा होतो. भिजायला पाऊसच लागतो असं नाही. रात्रभर अंगातून बाफ निघते, कडक थंडीत ती भरावातच गोठते आणि दिवसा वाळवायला मिळालं नाही तर रात्रीमागून रात्र साठत जाते. १९११ च्या हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तीन ब्रिटिश शोधप्रवासी अंटार्क्टिकात पाच आठवडे रेनडिअरच्या कातड्याच्या बॅगांत झोपले. परत आले तेव्हा साठलेल्या बर्फाने त्या बॅगा जवळपास दुप्पट आणि त्याहूनही जड झाल्या होत्या. आपण एवढे दिवस जात नाही, हे मान्य. पण चार ओल्या रात्री असतील तर मी आता सिंथेटिक घ्या म्हणते, कारण दमट झाली तरी ती बरीच ऊब धरते. आणि तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडू नका. गार वाटलं की पहिलं तेच सुचतं. हे सगळं सांगून मी स्वतः काय वापरते? पिसांचीच. वजनाचा मोह मला अजून सुटलेला नाही.

मग आकडा सांगा म्हणता, तर घ्या: फक्त कम्फर्टचा बघा, आणि थंडी सोसत नसेल तर अपेक्षित तापमानापेक्षा आणखी पाच अंश खालचा घ्या. हे लिहितानाच डोळ्यांसमोर असे दोघं-तिघं येतात जे लिमिटच्याही खाली गाढ झोपतात आणि मला भित्री म्हणतात. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबरही असेल. आणि वर्षानुवर्षं छोट्या पिशवीत कोंबून ठेवलेली जुनी बॅग, किंवा भाड्याची, हातात घेतल्यावर फुलत नसेल तर तिच्या लेबलावर काहीही असो, ते आता खरं नाही.

बहीण नंतर पुन्हा आली. कम्फर्ट मायनस नऊची बॅग तिने स्वतः शोधून घेतली, मला विचारलं नाही. त्या रात्री ती शांत झोपली. मी झिपचा आवाज येतोय का ते ऐकत जागी. दोनदा विचारलं, “ठीक आहेस ना?” दुसऱ्यांदा ती म्हणाली, “ताई, झोपू दे.” तरी मी हात घालून तिचे पाय चाचपले. गारच होते. ते तर नेहमीचेच, मग किती गार म्हणजे काळजीचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर बॅग उलटी करून आतल्या लेबलाचा फोटो पाठवा, मॅटचा आर-व्हॅल्यू कळवा, आणि त्या बॅगेत कोण झोपणार आहे ते सांगा. त्याशिवाय मी आकडा सांगणार नाही, राग आला तरी चालेल.