स्नोवालं झाड

“स्नोवालं दाखवू का साधं?” दुकानदारानं विचारलं आणि मी गप्पच झाले.

डिसेंबरातली दुपार. जालन्याच्या सदर बाजारात मी आणि लेक नाताळचं झाड घ्यायला गेलो होतो. आमच्या जुन्या झाडाचा माळ्यावर उंदरांनी पार भुगा केला होता. दुकानदारानं दोन झाडं समोर उभी केली. दोन्ही चार फुटी, दोन्ही प्लास्टिकची, पण एकाच्या टोकांना पांढरा चुरा चिकटवलेला. “हे दोनशेनं महाग पडतं ताई, पण तुमचा कापसाचा खर्च वाचतो.”

कापसाचा खर्च! दुकानाच्या दारातच जिनिंगकडे निघालेला ट्रॅक्टर गर्दीत अडकून उभा होता. ट्रॉलीत कापूस इतका कोंबलेला, की ताडपत्रीच्या कडेनं फुगून बाहेर आलेला. या दिवसांत जालन्यात शिरणाऱ्या कुठल्याही रस्त्यानं या, कडेच्या बाभळींच्या काट्यांना ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस लटकलेला दिसतो. मैलोन्‌मैल फुकटात सजलेली झाडं. आणि या गावात एक माणूस मला कापसाचा खर्च वाचवून देत होता.

लेकीनं अर्थातच स्नोवालं घेतलं.

आमच्या लहानपणी झाड विकत मिळतं हेच मुळात माहीत नव्हतं. आम्ही मिशनच्या कंपाउंडात राहायचो. तिथं पाण्याच्या हौदाजवळ एक मोरपंखी होती. तीच ती, जिची पानं ‘विद्या’ म्हणून वह्यांत घालून ठेवायची आणि गणितात नापास झाल्यावर रागानं फेकून द्यायची. दर नाताळला तिची एक फांदी पप्पा आरीनं कापून आणत. डालड्याच्या मोठ्या डब्यात माती आणि खडी ठोकून फांदी उभी करायची आणि डब्याला लाल घोटीव कागद गुंडाळायचा. दोन दिवसांनी फांदी हमखास एका अंगाला कलायची. मग डब्याखाली जुनी वही सरकवायची, बहुतेक वेळा गणिताचीच.

सुरुवातीला पप्पांना या डब्याची थोडी लाज वाटत असावी. नंतर त्यांनी कुठंतरी वाचलं, की हे झाड साहेबाचंही मूळचं नाही. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची पोरंबाळं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि तिथून इंग्रजांच्या घरोघरी झाडाची हौस गेली. चाल जर्मनीकडची. हे कळल्यापासून पप्पा डब्याला कागद लावताना जरा जास्तच ताठ बसायचे. “त्यांनी जर्मनाकडून घेतलं, आपण त्यांच्याकडून घेतलं. डबा आपला आहे,” असं म्हणायचे.

आजीला मात्र राणीबिणीशी देणंघेणं नव्हतं. तिचं माहेर बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावातलं, आणि एवढं प्रमाणपत्र तिला पुरेसं होतं. तिचा आक्षेप वेगळाच होता. घरात शुभेच्छांची कार्डं यायची, त्यांवर बर्फानं वाकलेली झाडं, बर्फात बुडालेलं चर्च, बर्फातून धावणारी गाडी. एकदा तिनं एक कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, “ह्ये काय हाय?”

“बर्फ, आजी. तिकडं आभाळातून पडतो.”

“म्हंजी गारा.”

“गारा नाही गं, मऊ असतो.”

तिला काही ते पटलं नाही. आभाळातून पांढरं काही पडतं म्हणजे ती गारच, आणि गार म्हणजे काय हे तिनं शेतात उभं राहून पाहिलेलं होतं. (२०१४च्या मार्चमध्ये मराठवाड्यात गारा कोसळल्या आणि उभी पिकं झोपली तेव्हा आजी नव्हती, पण मला तिचंच तोंड आठवलं.) “गारा पडल्यालं झाड कोन घरात आनतं गं माय? वर त्याला सजिवतेत!” तेव्हापासून आमच्याकडे फर्मानच निघालं. झाडावर जे ठेवायचं त्याला बर्फ म्हणायचं नाही. कापूसच म्हणायचं.

आणि कापूस दुकानातला नाही. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेली कापसाची गुंडाळी मिळायची. पप्पा दवाखान्यात कंपाउंडर, त्यांना ती सहज आणता आली असती. पण आजीला तो कापूस म्हणजे जखमेचा. तो झाडावर कसा घालणार? तेव्हा काका शेतातून पिशवीभर आणून देत, वेचणीतला, सरकीसकट. मग आठवडाभर संध्याकाळी आम्ही भावंडं कंदिलाभोवती बसून सरकी काढायचो.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. सरकी कापसातून सुटत नाही. बोटानं ओढावं तर धागे तिला धरून बसतात, नखानं खरवडावं तर कापसाची चिंधी होते. अंगठा आणि तर्जनीत बी धरायचं, दुसऱ्या हातानं कापूस चहूबाजूंनी हळूहळू ओढायचा, म्हणजे बी बाहेर येतं. हिरवट-करडं, अंगावर बारीक लव असलेलं. आजीच्या बोटांत ते दोन क्षणांत सुटायचं, आमच्या बोटांत सुटायचं नाही. जिनिंगमध्ये एका क्विंटलातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकीच. आमची पाव किलोची पिशवी संपता संपत नसे, आणि शेवटी झाडावर ठेवायला उरायचा तो ओंजळभर ढग. सरकी आजी मोजून वाटीत ठेवायची. कशाला मोजायची कोण जाणे. शेजारच्यांच्या म्हशीला तर घालायची.

एका वर्षी मोरपंखी वाळवीनं गेली. नाताळ दहा दिवसांवर, कंपाउंडात दुसरं झाड नाही, आम्ही पोरं रडकुंडीला. आजी काही न बोलता शेताला गेली आणि संध्याकाळी एसटीतून उतरली ती हातात मुळासकट उपटलेली पऱ्हाटी घेऊन. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे. डालड्याच्या डब्यात तिनं ती उभी केली. खाली वाळकी पानं, काड्याच काड्या, आणि वर फुटलेली सात-आठ बोंडं, पांढरीशुभ्र.

आम्ही अजून जोरात रडलो. हे काय झाड आहे? कार्डावर असं कुठं असतं?

“कामून रडता रं? याला तर समदं आयतंच लागल्यालं हाय,” आजी म्हणाली.

त्या वर्षी पऱ्हाटीवरच चमकी चढली. लावताना बोंडांच्या वाळक्या टरफलांची टोकं बोटांत घुसायची, आईनं दोनदा आयोडिन लावलं. पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, त्यांनी डोळे मिटण्याआधी झाडाकडे एकदा पाहिलं आणि उघडल्यावर पुन्हा एकदा पाहिलं. बोलले काही नाहीत. करंजी मात्र दोन जास्त खाल्ल्या.

पुढं कंपाउंडात नवी मोरपंखी लावली, ती वाढली, आणि आम्ही पुन्हा कार्डासारखे झालो.

झाड कोणतंही असो, त्यावर काय आधी आणि काय नंतर, यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं एकमत झालं नाही. जगभर तारा शेवटी चढवतात. पप्पांचा तारा पहिला. “बाळ येशूला शोधत आलेल्या मागी लोकांना आधी काय दिसलं? ताराच ना? मग?” म्हणून नुसत्या उघड्या फांदीच्या टोकावर पतंगी कागदाचा, कामट्यांचा तारा एकटाच डुलत असायचा आणि त्याच्या वजनानं फांदी आणखी कलायची. आई वैजापूरकडची, कॅथलिक. तिचा जीव झाडापेक्षा गव्हाणीत. तिच्या गव्हाणीत बाळ २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ठेवायचंच नाही. मारिया, योसेफ, गाईगुरं सगळी रिकाम्या गवताकडे टक लावून बसलेली. आजी त्या रिकाम्या जागेत गुपचूप कापूस पसरून ठेवायची. पहाटे पारा दहाच्या खाली जातो, जन्मल्या जन्मल्या गारठ्यात पडायला नको. उतरवण्याचाही घोळ. पप्पांच्या मते १ जानेवारीला सगळं बंद, आईच्या मते तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ तारखेपर्यंत. तोडगा असा निघाला, की १ तारखेला पप्पा फक्त दिवे काढत आणि झाड सहा दिवस अंधारात उभं राही.

दिवे म्हणजे पप्पांनी स्वतः डाग देऊन केलेली सिरीज. ६ व्होल्टचे ३८ बल्ब एकापुढे एक जोडायचे, म्हणजे घरच्या २३० व्होल्टला पुरतात. यात गोम अशी, की एक गेला की सगळेच जातात आणि कोणता गेला ते कोणीच सांगत नाही. पप्पा एक चांगला बल्ब हातात घेऊन पहिल्यापासून एकेक बदलून बघत. नेमका बल्ब सापडायचा तेव्हा वीज गेलेली असायची. न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली एडिसनच्या एका सहकाऱ्यानं पहिल्यांदा झाडाला विजेचे दिवे लावले होते म्हणतात, चांगले ८०, लाल, पांढरे आणि निळे. त्याच्याकडं भारनियमन नसणार.

बोरांच्या माळेचं सांगायलाच हवं. अमेरिकेत मक्याच्या लाह्या आणि आंबट क्रॅनबेरी ओवून झाडाला घालतात. आमच्याकडे डिसेंबरात बोरं. सुई-दोरा घेऊन आत्या गावरान बोरांची लांबलचक माळ करायची, ती झाडाला तीन वेढे बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अडीच. नाताळच्या दिवशी फक्त दोरा आणि दोऱ्याला मधे मधे चिकटलेल्या आठळ्या. कोणी खाल्ली याची चौकशी दर वर्षी व्हायची आणि दर वर्षी चौकशी करणाऱ्याच्याच खिशात आठळी सापडायची.

कापूस सोडला, तर आता माझ्या झाडावर या सगळ्यातलं एकच उरलंय, आणि ते खरं तर त्यातलं नव्हेच. २०१२-१३च्या दुष्काळात काकांनी बैलजोडी विकली. चारा नव्हता, पाणी नव्हतं, तिकडं बदनापूर-अंबडकडच्या मोसंबीच्या बागा लोक कुऱ्हाडीनं तोडत होते. त्या वर्षी डिसेंबरात काका आले आणि पिशवीतून कापसाबरोबर बैलाची घुंगुरमाळ काढली. दर पोळ्याला घासूनपुसून लख्ख केलेली. “राहू दे झाडाला,” एवढंच म्हणाले. फांदीला ती पेलत नाही, म्हणून आम्ही बुंध्याशी गुंडाळतो. तेव्हापासून काका नाताळला घरी आले, की चपला काढतात, झाडाजवळ जातात, पायाच्या अंगठ्यानं घुंगरांना हळूच एक ठोसा देतात आणि मगच खुर्चीत बसतात. चहा येईपर्यंत आम्हीही काही बोलत नाही.

नाही, एकदा बोललो होतो. २०१७ साली. झाड सजवून झालं होतं, पाहुणे बसलेले, आणि लेक किंचाळली. वरच्या फांदीवरच्या कापसातून एक गुलाबी अळी बाहेर आली होती. इंचाच्याही निम्मी. डोकं तपकिरी. डोकं उचलून इकडं-तिकडं बघत निवांत चाललेली, ताऱ्याच्या दिशेनं. त्या वर्षी साऱ्या मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं कापसाचा सत्यानाश केला होता. सरकी नीट काढली असती तर ती तेव्हाच सापडली असती, कारण ती सरकीतच दडून बसते. पण आम्ही आता आळशी, सरकीसकटच कापूस ठेवतो. काका उठले, चष्मा लावून जवळून पाहिलं. “हिलाच तर शोधत होतो सहा महिने,” ते म्हणाले. “बघा, कुठं येऊन बसली. सणाला.” आणि इतके हसले, की काकूंनी त्यांना पाणी दिलं.

तर परवा स्नोवालं झाड घरी आणलं. उभं केलं. डब्याची गरज नाही, त्याला तीन पायांचा स्टँड आहे. कलत नाही. टोकांचा पांढरा चुरा फरशीवर पडतोय आणि तो झाडूला चिकटून बसतोय. लेक म्हणाली, “मम्मी, यावर कापूस नको ना आता? डबल होईल.” मीही म्हटलं, नको.

रात्री काकांचा फोन आला. झाड आणलं का, पोरगी कधी सासरी जाणार, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, “कापूस कधी नेतीस?”

मी म्हटलं, “काका, यंदा स्नोवालंच झाड घेतलंय. लागणार नाही.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “ने गं. पिशवीभर नको म्हणू, पोतंभर ने. भाव नाही म्हणून घरातच पडलाय सगळा, पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. झोपायला जागा नाही. लेकरांच्या अंगाला खाज सुटलीय.”