‘औषधं रिटर्न होत नाहीत’ म्हणाले, तेव्हा

आईचं इन्सुलिन मी ॲपवरून मागवते, कारण जवळच्या मेडिकलमध्ये ते दरवेळी मिळेलच असं नाही. ऐन मे महिन्यातलं एक पार्सल भर दुपारी आलं. आतला थंडाव्यासाठीचा जेल पॅक पार वितळलेला आणि कार्ट्रिजचं, म्हणजे पेनमध्ये घालायच्या इन्सुलिनच्या नळ्यांचं, खोकं हाताला चक्क कोमट. खोक्यावर ठळक छापलं होतं, २ ते ८ अंश सेल्सिअस. वापरात घेतलेलं कार्ट्रिज काही आठवडे बाहेर चालतं, हे खरं. पण हा साठा होता, आणि तापून कमजोर झालेलं इन्सुलिन नुसतं बघून ओळखू येतंच असं नाही.

डिलिव्हरीवाल्यासमोरच जेल पॅक, बॅच नंबर, एक्सपायरी, बिल यांचे फोटो काढले. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, औषधं रिटर्न होत नाहीत, पॉलिसी आहे.”

एरवी ही पॉलिसी मला पटते. डॉक्टरांनी पूर्वी इन्सुलिन बदललं तेव्हा उरलेली सीलबंद कार्ट्रिज परत घ्यायला आमच्या मेडिकलवाल्या काकांनी नकार दिला होता. “ताई, तुमच्या फ्रिजमध्ये ती कशी राहिली, मला काय माहीत? उद्या दुसऱ्या पेशंटला कशी देऊ?” त्यांचं बरोबरच होतं. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं, औषध चिठ्ठीशिवाय न देणं, लिहिलेल्याऐवजी परस्पर दुसरं न देणं, हेही त्यांच्यावर कायद्याचं बंधन आहे. त्यावरून त्यांच्याशी हुज्जत घालू नये. पण मग काकांचा तोच प्रश्न मीही विचारणार ना? माझ्या दारात येईपर्यंत हा माल कसा राहिला?

बिलावर विक्रेता म्हणून ॲपचं नाव नव्हतंच. दुसऱ्या शहरातलं एक मेडिकल होतं, परवाना क्रमांकासकट. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. दोन्ही मुद्दे ईमेलात लिहिले. पोच आली, पाठोपाठ अर्ध्या रकमेचं कूपन. ते नाकारलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते. तरी तिकडची भाषा लगेच मऊ झाली. नसती झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही.

पैसे पूर्ण परत आले. खोकं न्यायला माणूस आला तेव्हा मी त्यावर मार्करनं लिहिलं, ‘कोमट मिळालं, पुन्हा विकू नये’. ते नष्ट केल्याचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. ते मी मागतेच आहे.