तुम्ही विचारलंत म्हणून: ‘डारिया’तली जोडी लँडन

‘डारिया’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या वंशभेदाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. डारियाच्या शाळेत, लॉनडेल हायमध्ये, जोडी लँडन सगळ्यात पुढे, तिचा मित्र मॅक अमेरिकन फुटबॉल संघाचा कप्तान. दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही वरच्या पायरीवर. मग यात वंश कुठून आला?

तुम्ही पदं मोजता. सवलती मोजा. कुठलेही तीन भाग घ्या आणि प्रत्येक पात्रापुढे लिहा: याने आळस केला, उद्धटपणा केला, तर काय बिघडतं? त्याच संघातला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, केव्हिनच्या डोक्यात उजेड नाही, तरी तो शाळेचा लाडका. नायिका डारिया कशातच भाग घेत नाही, आणि आपण त्याला बाणेदारपणा म्हणतो. मॅकला मात्र केव्हिन ‘मॅक डॅडी’ (रंगेल पुरुषासाठीचा बोलीतला शब्द) म्हणतो. मॅक दर वेळी नको म्हणतो, आणि कप्तानाचं कोणी ऐकत नाही. फॅशन क्लबातली आशियाई वंशाची टिफनी? तिला संथ बोलणं दिलंय, मत नाही.

दुसऱ्या सीझनमधला ‘गिफ्टेड’ हा भाग (1998) बघा. हुशार मुलांची खास शाळा बघायला डारिया आणि जोडी आपापल्या आईवडिलांसोबत जातात. तिथे जोडी बोलून टाकते: घरी मी नुसती जोडी; शाळेत मात्र सगळ्या कृष्णवर्णीय मुलांपुढचा आदर्श. आणि ती मुलं आहेत तरी कुठे, हेही तीच उपहासाने विचारते. मलाही तुझ्यासारखं वागायला आवडेल, असं ती डारियाला सांगते. तोवर स्वभाव वाटणारा डारियाचा तुटकपणा इथे सवलत ठरतो. डारियाला वाया गेलेली एक मुलगी म्हणतील. जोडी घसरली तर बोट सगळ्या कृष्णवर्णीयांकडे जाईल.

मालिकेला हे कळलं होतं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण 65 भागांत कॅमेरा डारियाच्याच खोलीत परततो. मालिका तिच्या नावाची आहे, हे मलाही ठाऊक आहे; मुद्दा तोच आहे.

2002च्या शेवटच्या चित्रपटात जोडीला टर्नर हवं असतं, कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं महाविद्यालय. घरच्यांना हवं नामांकित क्रेस्टमोर. तिथेही ती मोजक्या कृष्णवर्णीयांतली एक झाली असती. तिने टर्नर निवडलं, त्याला मी पूर्वी माघार म्हटलं होतं. आता तो शब्द टोचतो. पण सुटका म्हणावं, तर लॉनडेल आहे तसंच राहतं. शिवाय सगळ्या शाळेच्या वतीने बोलणाऱ्या या मुलीची इच्छा तिच्या आईवडिलांना मॅकने सांगावी लागते.