सहा जागांचा बार: गारुडी तयार, संजीवनी बाहेर

मी बनवत असलेल्या गेममधला गारुडी खेळण्याजोगा झाला. म्हणजे आता भालाईत, वैद्य आणि गारुडी असे तीन क्लास, म्हणजे खेळाडूने निवडायची पात्रं, उभे आहेत. प्रत्येकाकडे २४ स्किल, बारमध्ये (सोबत न्यायच्या स्किलच्या बटणांच्या पट्टीत) जागा सहा, आणि बार बदलायचा तो गावातच. वेशीबाहेर पडलं की आहे त्यावर भागवायचं. हा नियम मी 'गिल्ड वॉर्स' या ऑनलाइन गेमवरून (२००५) उचलला. तिथे जागा आठ, आणि त्यांत एलिट, म्हणजे खास ताकदीचं, स्किल एकच.

२४ मधून ६ निवडायचे तर १,३४,५९६ बार होतात. पण सगळ्यांच्याच बारमध्ये एक स्किल ठरलेलं असेल तर ती जागा मोजायचीच नाही. 'गिल्ड वॉर्स'मध्ये मेलेल्या साथीदाराला उठवणारं रिझरेक्शन सिग्नेट हे स्किल बहुतेक जण बाळगायचे, त्यामुळे निवड उरायची ती सात जागांची. माझ्याकडे संजीवनी या उठवणाऱ्या स्किलचं तेच चाललं होतं. रविवारी रामबागेत आमच्या घरी टेस्टिंगला आतेभाऊ वैद्य घेऊन बसला. गावात बराच वेळ बार उघडून ठेवला आणि शेवटी म्हणाला, "दादा, बाकी पाच मी निवडले, ही मात्र तू निवडलीस."

संजीवनी त्याच रात्री बारमधून काढली. आता पडलेल्याजवळ उभं राहून बटण चार सेकंद दाबून धरलं की कोणीही त्याला उठवू शकतो. 'गिल्ड वॉर्स २'मध्येही (२०१२) पडलेल्याला कुठलाही क्लास उठवतो. ते चार सेकंद फार कामाचे निघाले. वैद्य वाकलेला असताना भालाईत आपसूक मध्ये येऊन उभा राहतो आणि 'रेटा' मारून शत्रूंना मागे ढकलतो. हे स्किल आधी कोणी घेतच नव्हतं.

जागा कमी असल्या की क्लासची ओळख बारबाहेर ठेवावी लागते, हे माझं ठाम मत आहे. 'गिल्ड वॉर्स'मध्ये दुसऱ्या प्रोफेशनची (तिथे क्लासला प्रोफेशन म्हणतात) स्किल घेता येतात, पण त्याचा प्रायमरी ॲट्रिब्यूट, म्हणजे मूळ गुण, मिळत नाही. रेंजर या प्रोफेशनचा असा गुण म्हणजे एक्स्पर्टीझ: त्याने स्पर्शाने वापरायच्या 'टच' स्किलना लागणारी एनर्जी गुणाच्या दर पॉइंटमागे ४ टक्के कमी होते. म्हणून नेक्रोमॅन्सर या दुसऱ्या प्रोफेशनचं १५ एनर्जीचं व्हँपायरिक टच १२ पॉइंटवाल्या रेंजरला ८ ला पडतं, आणि नेक्रोमॅन्सरपेक्षा रेंजरच ते जास्त सुखाने वापरतो. मला असंच हवंय. त्यामुळे गारुड्याचा मूळ गुण असा: विष चढलेला शत्रू आसपास कुठे मेला की मॅना (स्किल वापरायला लागणारी शक्ती) परत. या गुणाला जागा लागत नाही आणि तो उसना मिळत नाही. गारुड्याचं विष घेतलेला भालाईत मजेत खेळता येतो, पण दोन झुंजींत त्याचा मॅना आटतो. गारुडी मात्र गर्दीत शिरला की थांबत नाही.

'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मित्राची तक्रार वेगळी होती. "भिया, सहा बटणांत हात रिकामे राहतात रे." तिथे त्याच्या बटणांच्या दोन-तीन ओळी भरलेल्या असतात, त्यामुळे त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं. जागा वाढवली नाही, पण भालाईताला 'रोवणे' दिलं. भाला जमिनीत रोवला की तो जागेवर खिळतो आणि उरलेल्या पाच जागांची वागणूक बदलते: 'भोसक'ची पल्लेदार फेक होते, 'रेटा' चहूबाजूंनी लागतो. उपटला की पुन्हा मूळचं. एका जागेच्या मोबदल्यात दुसरा बारच मिळाला. मित्र रात्री उशिरापर्यंत उठला नाही.

गेम मी गोडो या गेम इंजिनमध्ये बनवतोय. त्यात प्रत्येक स्किल ही वेगळी रिसोर्स फाइल आहे, म्हणून 'रोवणे'साठी पाच पर्यायी फाइली जोडणं सोपं गेलं. अडलंय ते नेटवर्कवर: झुंज चालू असताना उशिरा आलेल्या खेळाडूला रोवलेला भाला दिसत नाही, त्याला भालाईत नुसताच उभा दिसतो. आधी ते सोडवतो, मग वैद्याचा मूळ गुण. त्याच्यासाठी दोन कल्पना आहेत: जवळून दिलेला उपचार जास्त लागू पडणं, किंवा उपचार घेणाऱ्याचा पुढचा घाव स्वस्त होणं. माझा कल दुसऱ्या कल्पनेकडे आहे.