काटोलच्या बगीच्यात ‘नेरोली’

नागपूरच्या महालातल्या काकांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या रविवारी परत तोच वाद झाला. जुनी तबकडी बरी, की नव्याने काढलेली बरी?

वाद घालणारे आम्ही चौघं. काका चाळीस वर्षांपासून ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. लग्नाचे आणि गणेश मंडळांचे साउंडवाले त्यांच्याकडे येतात, पण संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की ते जे लावतात ते त्या साउंडवाल्यांनी कधी ऐकलेलं नसतं. दुसऱ्या सदरच्या ताई. आयुष्यभर शाळेत हार्मोनियमवर गाणी शिकवली, आता निवृत्त आहेत. तिसरा इंजिनिअरिंगचा पोरगा. पैसे जमवून जमवून परदेशातून तबकड्या मागवतो. आणि चौथी मी. रामदासपेठेत औषधांचं दुकान आहे माझं, माहेर काटोल तालुक्यातलं, घरचा संत्र्याचा बगीचा. आम्हाला एकत्र आणलं ते ब्रायन ईनोने.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. इंग्लंडच्या सफक परगण्यातला हा संगीतकार, जन्म 1948 चा. 1975 च्या जानेवारीत त्याला अपघात झाला. तो घरी बिछान्याला खिळून होता तेव्हा एक मैत्रीण अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची तबकडी घेऊन आली. ती गेल्यावर त्याने कशीबशी तबकडी लावली आणि परत आडवा झाला. मग लक्षात आलं, की आवाज फारच बारीक ठेवलाय आणि दोनपैकी एक स्पीकर बंदच आहे. उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. त्या पावसात हार्पचे सूर मधूनच वर येत होते, परत बुडत होते. संगीत असंही ऐकता येतं, खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं, हे त्याला तिथे उमगलं. त्याच वर्षी आलेल्या ‘डिस्क्रीट म्युझिक’च्या कव्हरवर त्याने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवलीय. ‘ॲम्बियंट’, म्हणजे भोवतालचं, हा शब्द त्याने 1978 साली विमानतळासाठी केलेल्या संगीताला लावला आणि तो पुढे सगळ्यांचाच झाला.

आता वादाकडे येते. 2018 मध्ये त्याच्या चार जुन्या ॲम्बियंट तबकड्या परत निघाल्या, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘हाफ स्पीड’ पद्धतीने कोरलेल्या. यात मूळ ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने वाजवतात आणि तबकडी कोरणारं यंत्रही निम्म्या वेगाने फिरवतात. कोरणाऱ्या टोकाला दुप्पट वेळ मिळतो, त्यामुळे वरच्या पट्टीतले बारीक सूर जास्त स्वच्छ उतरतात. पोरग्याकडे यातली ‘ऑन लँड’ आहे. दोन तबकड्या, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाच्या. आवाज खरोखर सुंदर आहे, मी ते नाकारत नाही. पण पाऊण तासाचं संगीत चार बाजूंवर विभागलं गेलंय, म्हणजे दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू पालटायची.

ताई म्हणाल्या, “अरे बाळा, ज्या माणसाला उठवत नव्हतं म्हणून हे संगीत जन्माला आलं, ते ऐकायला तू मला चारदा उठवतोस?”

पोरगा म्हणाला, “ताई, पण तो किड्यांचा आवाज ऐकला का तुम्ही? माझ्या जुन्या सीडीत तो नुसता धूर होता.”

दोघांचंही खरं आहे. मला विचाराल तर मी ताईंच्या बाजूची. या संगीताला सलग वेळ लागतो, बाकी सगळं नंतर. पण ‘ऑन लँड’च्या बाबतीत आमचं सगळ्यांचं मत बदललं ते काकांमुळे. त्या तबकडीच्या कव्हरवर ईनोने तीन स्पीकरची एक जोडणी दिलीय. समोरचे दोन स्पीकर नेहमीसारखे ठेवायचे. तिसरा, लहान असला तरी चालतो, ऐकणाऱ्याच्या मागे ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्या दोन पॉझिटिव्ह टोकांना लावायच्या. डाव्या आणि उजव्या बाजूला जे सारखंच येतं ते तिसऱ्या स्पीकरमध्ये एकमेकांना खोडून टाकतं. जे वेगळं आहे तेवढंच मागून वाजतं.

काकांनी हे वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं, आणि एका टाकून दिलेल्या टीव्हीतला स्पीकर काढून जोडायला घेतला. आधी मीटर लावून दोन्ही निगेटिव्ह आतून एकच आहेत का ते तपासलं. “हे कॉमन नसलं तर आउटपुट उडते,” ते म्हणाले. आजकालच्या बऱ्याच छोट्या डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये तसं नसतं, तेव्हा घरी करून बघणाऱ्यांनी हे आधी बघावंच. मग वायर पिळली, सोल्डर केली, राळेचा वास खोलीभर झाला आणि त्यांनी दिवा मालवला. मी आजवर स्पीकरसमोर बसून ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या जागेच्या आत बसले. समोर तो जड, ओलसर गुणगुणाट आणि पाठीमागे, मानेच्या अगदी जवळ, किडे-बेडकांची किरकिर. पोरग्याने मागे वळून पाहिलं. काका काही बोलले नाहीत, फक्त तिसरा स्पीकर हातभर मागे सरकवला.

त्या तबकडीतल्या बऱ्याच रचनांना जागांची नावं आहेत, आणि त्या बहुतेक ईनोच्या लहानपणाच्या मुलखातल्या. ‘लँटर्न मार्श’ ही त्याच्या गावापासून काही मैलांवरची दलदल, पण त्याने ती पाहून संगीत केलेलं नाही. नकाशावर नाव वाचलं आणि ती कशी असेल ते मनात रचलं. मला हे फार जवळचं वाटतं. वडील बोलता बोलता ज्या शिवारांची नावं घ्यायचे त्यातली निम्मी मी आजही पाहिलेली नाहीत, पण डोळ्यांपुढे आहेत.

मात्र ईनोच्या चार-पाच गाजलेल्या तबकड्यांच्या पलीकडे कोणी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नव्या आवृत्त्या निघतात त्याही बहुतेक फिरून फिरून त्याच. 1992 ची ‘द शुटॉव्ह असेंब्ली’ किती जणांनी ऐकलीय? सेर्गेई शुटॉव्ह नावाचा रशियन चित्रकार ईनोचं संगीत लावून चित्रं काढायचा, पण तिकडे त्याला ते मिळणं कठीण होतं. ईनोने आपल्याकडच्या, तोवर न काढलेल्या रचना गोळा करून त्याच्यासाठी एक टेप बनवली. तीच पुढे तबकडी झाली. एका माणसासाठी भरलेली कॅसेट! आम्ही नव्वदच्या दशकात सीताबर्डीवरून कोऱ्या कॅसेट आणून एकमेकींसाठी गाणी भरायचो, तेव्हा कोणासाठी भरतोय त्यावर गाण्यांचा क्रम ठरायचा. ‘शुटॉव्ह’ ऐकताना मला तसाच एक माणूस समोर धरून लावलेला क्रम जाणवतो.

आणि ‘नेरोली’. हे सगळं लिहायला बसले ते खरं तर तिच्यासाठी.

‘नेरोली’ 1993 ची. 58 मिनिटांची एकच रचना. 2014 मध्ये ती दोन सीडींत परत निघाली, दुसऱ्या सीडीवर ‘न्यू स्पेस म्युझिक’ नावाची तासाभराची, आधी न आलेली रचना आहे. माझ्या भाच्याने पुण्याहून मला ती पाठवली. पाकिटावरचं नाव वाचलं आणि मी दुकानातच थांबले. नेरोली म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल, वाफेवर काढलेलं. आमच्या धंद्यात सुगंधी तेलांच्या यादीत हे नाव असतं. सतराव्या शतकात इटलीतल्या नेरोला गावच्या राजकन्येने ते सुगंध म्हणून वापरात आणलं, म्हणून हे नाव. आपलं नागपुरी संत्रं वेगळं, त्याच्या फुलांचा वासही तंतोतंत तोच नाही. पण घराणं एकच. संत्र्याच्या बगीच्यात वाढलेल्या पोरीला एवढं पुरे होतं.

ऐकायला म्हणाल तर त्यात जवळजवळ काहीच नाही. खालच्या पट्टीतला, गोलसर, कडा घासून काढल्यासारखा एकच आवाज. एक सूर येतो, विरतो. थोड्या वेळाने दुसरा. कधी दोन-तीन लागोपाठ, मग पुन्हा मोठी जागा मोकळी. ताल नाही, साथ नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहाव्या मिनिटाला मी हिशोबाची वही उघडली होती. वही संपली, संगीत चालूच होतं, आणि आपण इतका वेळ एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही हे तेव्हा कळलं.

ताईंनी मात्र ती पाचच मिनिटं ऐकली आणि काकांच्या टेबलावरची पेटी पुढे ओढली. षड्ज शोधला. मग हळूच कोमल रिषभ दाबला, गंधार, धैवत, निषाद, चारही कोमल. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “हे सगळे आपलेच स्वर.” पाश्चात्त्य लोक याला फ्रिजियन मोड म्हणतात, आपल्याकडे तो भैरवीचा थाट, म्हणजे स्वरांचा संच. मी उत्साहाने म्हटलं, “म्हणजे ही भैरवी!” त्यावर त्यांनी मला थांबवलं. “थाट म्हण. भैरवी नको म्हणू. रागाला चलन असतं, कुठून यायचं, कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं. याला कुठे जायचंच नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “मैफल संपताना जे स्वर लावायचे, ते हा सुरुवातीलाच लावतो आणि तासभर तिथेच बसतो. म्हणून पोटात असं होतं.”

मला कित्येक दिवस सांगता येत नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

फेब्रुवारीच्या मधल्या शनिवारी मी काटोलला गेले. आंबिया बहाराचे दिवस. ज्यांना बगीचा माहीत नाही त्यांना सांगते, संत्र्याला हा बहार आपोआप भरभरून येत नाही, तो धरावा लागतो. डिसेंबरात पाणी बंद करतात. महिना-दीड महिना झाडाला एक थेंब द्यायचा नाही. जमीन भारी असेल तर आणखी थांबायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, थोडी गळतात, आणि नवखा माणूस घाबरून पाणी सोडतो. तिथेच बहार बिघडतो. ताण बसला की आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग काही दिवसांनी चिंबवणीचं. मग कळी सुटते. बाबांचं सगळं कसब कशात असेल तर त्या न देण्यात. रोज सकाळी झाडाखाली जातात, पान हातात घेऊन बोटांत दुमडून पाहतात, आणि काही न करता परत येतात.

मी गेले तेव्हा सगळा बगीचा पांढरा झाला होता. त्या वासाचं काय सांगू! दिवसा मधमाश्यांच्या आवाजात तो विखुरलेला असतो, रात्री गार हवेत खाली बसतो, ओसरीत येतो, पांघरुणात शिरतो. जेवणं झाल्यावर मी काकांनी दिलेला सीडी प्लेअर ओसरीवर ठेवला, आवाज बराच कमी केला आणि ‘नेरोली’ लावली.

बाबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. पाचेक मिनिटं गेली.

“हे बिघडलं का वो?” त्यांनी विचारलं.

“नाही बाबा, असंच आहे ते.”

“मधात मधात बंद पडून राहिलं म्हणून म्हटलं.”

परत शांतता. अडकित्ता थांबला. एक सूर आला, गेला. दूर कोणाच्या तरी शेतात कुत्रं भुंकलं. मग बऱ्याच वेळाने दोन सूर एकामागून एक आले, आणि बाबा तोंडातल्या तोंडात म्हणाले, “लय ताण देऊन राहिला हा माणूस.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंमत करत नव्हते. बगीच्यातल्या झाडाकडे बघतात तसेच त्या प्लेअरकडे बघत होते, मान किंचित तिरपी करून. मला वाटतं त्या रात्री माझ्याहून त्यांनीच ती रचना जास्त नीट ऐकली. मी सुरांची वाट बघत होते, ते मधल्या जागेचा अंदाज घेत होते.

साडेदहाला थ्री फेज आली. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. बाबा उठले, टॉर्च घेतला, विहिरीकडे गेले, आणि मोटर सुरू झाली. तिचा तो एकसुरी घुंगाट झाडांमधून ओसरीपर्यंत येऊ लागला. सीडी अजून दहा-बारा मिनिटं बाकी होती. बंद करावी म्हणून मी हात पुढे केला होता, तेवढ्यात एक सूर मोटरच्या आवाजाच्या अगदी वर येऊन बसला. मी हात मागे घेतला.

बाबा परत आले, पाय धुतले, बाजेवर टेकले. “राहू दे,” म्हणाले. पाटात पाणी आल्याचा आवाज यायला लागला होता.